पोलादावरची मोहोर

१८ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्याची गोव्यावरची मुख्य चढाई नुकतीच सुरू झाली होती. तिकडे न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत ठराव मताला आला: भारताने लढाई थांबवावी आणि सैन्य मागे घ्यावं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी तो मांडला होता. बाजूने सात मतं पडली, विरोधात चार. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने ठराव पडला, एवढं शाळेतही सांगतात. उरलेली तीन मतं मात्र फारशी कुणाच्या लक्षात नसतात. ती सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची होती. संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे नासरचा इजिप्त.

त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीज शिपायाच्या हातात जी रायफल होती तिचं काडतूस आणि कैरोजवळच्या मआदी इथल्या कारखान्यात इजिप्त आपल्या शिपायांसाठी बनवत असलेल्या रायफलीचं काडतूस एकच होतं: ७.९२ मिलिमीटर व्यासाचं आणि ५७ मिलिमीटर लांब पुंगळीचं जर्मन मॉझर काडतूस. एक देश आपल्या बाजूने हात वर करत होता, दुसरा आपल्यावर बंदूक रोखून उभा होता आणि दोघांच्या पट्ट्यातली काडतुसं एकमेकांच्या रायफलीत बसली असती. जुन्या लष्करी रायफलींकडे ओढला गेलेला माणूस असल्या योगायोगांनीच ओढला जातो. मीही त्यातलाच.

इजिप्तच्या त्या रायफलीचं नाव हकीम. मुळात तिचं घराणं स्वीडनचं. एरिक एकलुंड या अभियंत्याने १९४२ मध्ये स्वीडिश सैन्यासाठी ल्युंगमन नावाची अर्धस्वयंचलित रायफल तयार केली. पन्नासच्या दशकात इजिप्तने तिची यंत्रसामग्री विकत घेतली, स्वीडिश ६.५ मिलिमीटरऐवजी ७.९२ चं काडतूस बसेल असा आराखडा बदलला आणि मआदीच्या सरकारी कारखाना क्रमांक ५४ मध्ये उत्पादन सुरू केलं. सुमारे ७० हजार हकीम बनल्या. लांबी जवळजवळ सव्वा मीटर, वजन पावणेपाच किलोच्या आसपास, मॅगझीनमध्ये दहा काडतुसं. गोळी सुटली की नळीतला वायू एका बारीक नळकांडीतून मागे येतो आणि थेट बोल्टच्या वाहकावर आदळून त्याला मागे ढकलतो. मध्ये दट्ट्या नाही. पुढे रशियन पद्धतीची शस्त्रं आली, हकीम भंगारात किंवा परदेशी बाजारात गेली आणि अमेरिकेतल्या संग्राहकांच्या भिंतींवर लागली.

ही रायफल गोव्यात आणता येईल का, असं पेडण्यातल्या एका तरुण संग्राहकाने मला विचारलं होतं. त्याच्याकडे ढाली आहेत, दोन दांडपट्टे आहेत, आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक आहे. त्याला हकीमचं उत्तर लगेच देता येतं: नाही. सर्वसामान्य नागरिकाला परदेशातून बंदूक आयात करण्याची वाट ऐंशीच्या दशकातच बंद झाली. त्यातून हकीम पडली अर्धस्वयंचलित, म्हणजे शस्त्र नियमांच्या निषिद्ध वर्गातली. हौशी माणसाला तिचा परवाना मिळण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्याला मी एक उलटा प्रश्न विचारला. इजिप्तची रायफल हवी कशाला? जिच्या गोळ्या आपल्या तालुक्यात चालल्या ती रायफल तू कधी जवळून पाहिली आहेस का?

त्याने ती पाहिली नव्हती. त्याच्या गावात कुणीच पाहिलेली नाही. पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गेले आणि त्यांच्या रायफलीही गेल्या.

पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी. पोर्तुगिजांच्या ताब्यात त्या अठराव्या शतकाच्या शेवटी आल्या: डिचोली १७८१ च्या सुमारास, पेडणे १७८८ मध्ये. त्याआधी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. याच मुलखातला शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला मात्र १७४६ मध्येच एका पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला आणि लिस्बनच्या राजाने त्याला त्या किल्ल्याचंच नाव देऊन 'मार्केश द आलोर्न' केलं. आपल्या एका आडवळणी किल्ल्याच्या नावाने पोर्तुगालात सरदार घराणं उभं राहिलं, हे हळर्णला गेलेल्या पर्यटकाला कुणी सांगत नाही.

बंदुकीचा आणि गोव्याचा संबंध त्याहून जुना आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये, आणि १५१३ मध्ये तो पोर्तुगालच्या राजा मानुएलला कळवतो की इथले कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवतात. बोहेमिया तेव्हा युरोपातलं बंदूककामाचं मोठं नाव. १५४३ मध्ये पोर्तुगिजांनी जपानच्या तानेगाशिमा बेटावर ज्या तोड्याच्या बंदुका नेल्या, त्यांची चापाची रचना गोव्यात घडणाऱ्या बंदुकांच्या घराण्यातली होती असं अनेक अभ्यासक मानतात. जपानी कारागिरांनी ती पुढची तीनशे वर्षं जवळपास तशीच ठेवली. म्हणजे बंदूक गोव्याला कुणी भेट म्हणून दिलेली नाही. गोव्याने ती घडवली आणि पुढे पाठवली.

हे सगळं त्या तरुणाला सांगून झाल्यावर आम्ही गेलो सीमेपलीकडच्या एका गावात. तिथे सैन्यातून आर्मरर म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. आर्मरर म्हणजे पलटणीच्या शस्त्रांचा वैद्य. आयुष्यभर त्यांनी हजारो रायफली उघडल्या आणि जोडल्या आहेत. जुनी लष्करी रायफल समोर आली तर काय बघायचं, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"पयली गोष्ट," काका म्हणाले, "बंदूक हातात घेतलंस काय ती भरलेलीच आसा असा समजाचा. कोण किती सांगो, रिकामी आसा म्हणान. आपण बोल्ट उघडूचो, बोट घालून बघूचा."

मग त्यांनी क्रम सांगितला. बोल्ट बाहेर काढायचा आणि नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आत बघायचं. आतले आटे धारदार, कोरे दिसले तर रायफल कमी चालली किंवा नीट सांभाळली. आटे बोथट झालेले, नळीत काळपट वण आणि खड्डे असतील तर तिच्यातून गंजकारक टोपीची काडतुसं चालली आणि नंतर ती धुतली गेली नाही. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत असा क्षार असायचा की बार झाल्यावर तो नळीत बसून हवेतला ओलावा ओढून घ्यायचा. गरम पाण्याने धुऊन तेल दिलं नाही तर रातोरात तांबेरा धरायचा. इजिप्तची ७.९२ ची काडतुसं या दोषासाठी कुप्रसिद्ध आहेत. म्हणून हकीम बघताना जाणकार आधी नळी बघतो आणि लगेच तिची वायूची नळकांडी. त्या नळकांडीत गंज साचला की रायफल अडखळायला लागते. कोकणच्या पावसात चार महिने असलं पोलाद कसं टिकत असेल ते काकांना विचारावं लागलं नाही. त्यांनी भिंतीतल्या कपाटाकडे बोट केलं. आत तुरटीसारख्या दिसणाऱ्या, ओलावा शोषणाऱ्या खड्यांची पुडी आणि तेलात भिजवलेलं फडकं होतं.

नळीनंतर आकडे. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लष्करी रायफलीच्या मुख्य भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असतो: नळीच्या मागच्या साच्यावर, बोल्टवर, बऱ्याचदा मॅगझीनच्या तळपट्टीवर आणि लाकडावरही. सगळे जुळले तर ती रायफल कारखान्यातून निघाली तशीच आहे. बोल्टवर दुसराच आकडा असेल तर कुठल्या तरी कोठारात दहा रायफली एकत्र उघडल्या गेल्या आणि हाताला येईल तो बोल्ट बसवला गेला. असा परका बोल्ट बसवलेली रायफल चालवणं धोक्याचं असतं, कारण काडतूस आणि बोल्टचं तोंड यांच्यातलं अंतर केसभर वाढलं तरी पुंगळी आतच फाटू शकते. हकीमवर हे आकडे अरबी वळणाचे असतात, सोबत गरुडाचं चिन्ह. ज्याला ते वाचता येत नाहीत त्याला जुळणी कळत नाही आणि विकणारा त्याचाच फायदा घेतो.

पोर्तुगीज रायफलींवरचे शिक्के तर राजांच्या क्रमाने वाचता येतात. इथल्या तिघींत सगळ्यात जुनी म्हणजे १८८६ ची क्रोपाचेक. ती ऑस्ट्रियातल्या स्टायरच्या कारखान्यात बनलेली, ८ मिलिमीटरची. हिची काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात, आठ. तिच्यावर मुकुटाखाली राजा लुईश पहिला याची मुद्रा. पोर्तुगालच्या वसाहतींत ती कित्येक दशकं वापरात राहिली.

नंतरची १९०४ ची मॉझर-व्हर्गेइरो. बर्लिनला बनलेली, बोल्ट मात्र व्हर्गेइरो नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने बदलून घेतलेला, ६.५ मिलिमीटरची. पोर्तुगालने त्या एक लाखाच्या घरात घेतल्या. तिच्यावर राजा कार्लुश पहिल्याची मुकुटांकित मुद्रा. हाच कार्लुश १ फेब्रुवारी १९०८ ला लिस्बनच्या भर चौकात आपल्या थोरल्या मुलासह उघड्या बग्गीत मारला गेला, मारेकऱ्यांपैकी एकाच्या हातात विंचेस्टरची अर्धस्वयंचलित रायफल होती. दोन वर्षांनी राजेशाहीच गेली. पण रायफलींवरचा मुकुट कुणी खरवडून काढला नाही. प्रजासत्ताकाचा शिपाई राजाची मुद्रा खांद्यावर घेऊन उभा राहिला. पुढे १९३९ च्या सुमारास यातल्या बऱ्याच रायफली ७.९२ च्या काडतुसासाठी बदलून घेतल्या गेल्या.

तिसरी, १९३७ ची मॉझर. ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातून आलेली, जर्मन सैन्याच्या आखूड मॉझरची सख्खी बहीण, वर मुकुटाऐवजी पोर्तुगालचं राष्ट्रचिन्ह. १९६१ पर्यंत पोर्तुगीज पायदळाची नेहमीची रायफल हीच. आणि हिचं काडतूस तेच, हकीमचं.

हे शिक्के आपल्या इतिहासावर ठेवून बघा. १८९५ मध्ये मोझांबिकच्या मोहिमेवर जायला गोव्यातल्या मराठा शिपायांनी नकार दिला, बंड केलं आणि शस्त्रांसह सत्तरीकडे गेले. सत्तरीचे सरदार दादा राणे यांचं बंड त्यातून पेटलं. ते शमवायला लिस्बनहून राजा कार्लुशचा सख्खा भाऊ, दों आफोन्सु, फौज घेऊन आला. त्या काळची पोर्तुगीज सैन्याची रायफल म्हणजे क्रोपाचेक. त्याआधी १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला तेव्हा दोन्ही बाजूंना ठासणीच्याच बंदुका होत्या. शस्त्रात फारसा फरक नव्हता, म्हणून ती झुंज तीन वर्षं चालली. चाळीस वर्षांत तो तोल पार बदलला. एकीकडे, बंडखोर शिपायांनी आणलेली शस्त्रं सोडली तर, गजाने दारू ठासून एक बार काढणारा माणूस, दुसरीकडे आठ काडतुसं पोटात घेऊन बसलेली रायफल. राण्यांच्या बंडांवर पोवाड्याच्या सुरात पुष्कळ लिहिलं गेलंय. हा हिशेब त्यात सहसा येत नाही, आणि तो आल्याशिवाय त्या माणसांचं धाडस पुरतं कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

१९५५ चा १५ ऑगस्ट. पेडण्याच्या टोकाला पत्रादेवी. बांद्याच्या बाजूने गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आले आणि पोर्तुगीज शिपायांनी समोरून गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल तिथे पडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अस्नोड्याचा बाळा राया मापारी, आझाद गोमंतक दलाचा कार्यकर्ता, कोठडीतल्या छळाने गेला. पत्रादेवीला स्मारक आहे, दरवर्षी तिथे फुलं वाहिली जातात. माणसांची नावं आपण जपली. ज्या शस्त्रातून तिथे गोळ्या सुटल्या ते कुठलं, कुठे बनलं, कुणाच्या पैशाने आलं, याचीही नोंद तिथे असायला हवी. मारणारा हात निनावी राहिला की तो अत्याचार एखाद्या नैसर्गिक आपत्तीसारखा वाटू लागतो.

आणि डिचोली. १७ डिसेंबर १९६१ ला सकाळी पावणेदहाच्या सुमारास, मुख्य चढाईच्या आदल्या दिवशीच, भारतीय सैन्याने डिचोली तालुक्यातलं मावळिंगे घेतलं. दोन पोर्तुगीज शिपाई तिथे मारले गेले. जवळच असलेल्या पोर्तुगीज टेहळणी तुकडीने प्रतिहल्ल्याची परवानगी मागितली, दुपारी पावणेदोनला ती नाकारली गेली. १८ च्या पहाटे पोर्तुगिजांनी पूल उडवले: डिचोलीचा, अस्नोड्याचा, शापोरा नदीवरचा. त्याच दिवशी ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅरा ब्रिगेड दोडामार्गाकडून उतरली. १९ ला रात्री गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती दिली. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक कैदी झाले, त्यांच्या रायफली गोळा झाल्या. साडेचारशे वर्षांच्या राजवटीचं लोखंड काही दिवसांत गोव्यातून उचललं गेलं.

घराघरांत उरल्या त्या आपल्याच ठासणीच्या आणि काडतुसाच्या बंदुका, पीक राखायच्या परवान्यावरच्या. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत येतात, आणि दसऱ्याला पाटावर मांडल्या जातात. त्या तरुणाच्या आजोबांची बंदूक मी अशाच वेळी हातात घेतली. एकनळी, केपावर उडणारी, नळी जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येणारी. पूजेला छान दिसावी म्हणून घरच्यांनी नळीला चंदेरी रंग लावलेला, दस्त्याला चकचकीत वार्निश. केपाच्या टोकाशी, जिथे घोडा आपटतो, रंग उडालेला होता आणि खाली दोन अक्षरांचा ठसा अर्धाच दिसत होता. उरलेला ठसा रंगाखाली नव्हताच. रंग धरावा म्हणून आधी पॉलिश पेपरने घासलं होतं, त्यात तो गेला. कुणी घडवली, कुठे घडवली हे सांगणारी ती एकच गोष्ट होती.

याउलट डिचोलीतल्या एका घरी मला एक संगीन बघायला मिळाली. लांब, सरळ पातं, मुठीजवळ वाकडा आकडा. कैक वर्षं ती नारळ सोलायला वापरात होती, टोक मोडलेलं, लाकडी मूठ जाऊन सुतळी गुंडाळलेली. पण पात्याच्या पाठीवर, जिथे कधी घासायची गरज पडली नाही, तिथे भिंगाखाली अक्षरं स्वच्छ उभी राहिली: स्टायर, १८८६. क्रोपाचेकची संगीन. ती त्या घरात कशी आली ते सांगणारी पिढी गेली. राण्यांच्या बंडात आली, की सरकारी लिलावात, की पळालेल्या शिपायाकडून, काही सांगता येत नाही. पण एवढं सिद्ध झालं की त्या रायफलींपैकी एक या भागात आली होती. नारळ सोलणाऱ्या घराने जे राखलं ते पूजा करणाऱ्या घराने पुसलं. पूजेच्या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे. तेल लावा, फूल वाहा, हळदकुंकू लावा. घासू मात्र नका.

आता कायद्याचं. 'अँटिक आहे, लायसन लागत नाही' हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्यावर थोडं थांबायला हवं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला. पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येऊ नये. म्हणजे नुसतं वय पुरत नाही. १९०४ ची मॉझर शंभरी ओलांडलेली असली तरी बोल्ट बसवला की बार होतो, तेव्हा ती कायद्याने बंदूकच. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा उरली, आणि वारसाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. जादा असलेली वर्षभरात पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. त्या वर्षात देशभरच्या जुन्या घरांतून काय काय गेलं असेल, आणि जाण्याआधी त्यावरचे ठसे कुणी टिपून ठेवले असतील का, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं. शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालीही येते. परवानगीशिवाय तिला देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. हे नियम जाचक वाटले तरी मला ते मान्य आहेत. चालू स्थितीतली लष्करी रायफल हौसेखातर घराघरांत असावी असं मला वाटत नाही. ती संग्रहालयात असावी. पण संग्रहालयाने तिच्याखाली 'जुनी बंदूक' एवढंच लिहून मोकळं होऊ नये. कारखाना, वर्ष, मुद्रा, क्रमांक, काडतूस, आणि ती कुठून मिळाली, हे लिहिलं नाही तर ती ठेवली काय आणि नाही काय.

त्या तरुण संग्राहकाने हकीमचा नाद सोडलाय. त्याऐवजी तो आता पेडणे आणि डिचोलीतल्या परवान्याच्या जुन्या बंदुकांची, संगिनींची, दारूच्या शिंगांची वही करतोय. मालकाचं नाव नाही, गावही नाही; फक्त ठसे, मापं आणि घरात सांगितली जाणारी हकिकत. काकांनी त्याला कामाच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. ठसा वाचायचा तर घासायचा नाही. तेलाच्या बोळ्याने मऊ करून, बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो घ्यायचा. ठसा अगदीच बुजला असेल तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची, आकडे उमटतात. लाकडावरचे चिरे, कोरलेली नावं, रेघा भरून काढायच्या नाहीत. आणि माळ्यावर, कणगीमागे, पत्र्याच्या पेटीत कागद नसलेली बंदूक सापडली तर ती उचलून मोटारीत घालून निघायचं नाही. जागेवरच ठेवायची, मोबाइलने फोटो काढायचा, वकिलाला विचारून पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्या अर्जात क्रमांक व शिक्के जसेच्या तसे उतरवायचे, म्हणजे पुढे ती वितळवली गेली तरी तिची नोंद सरकारी कागदावर राहील. वहीत आजवर सगळ्यात जास्त जागा घेतली आहे ती डिचोलीच्या संगिनीने. तिच्या मालकिणीने नारळ सोलायला आता बाजारातून नवीन सोलणं आणलंय.